दावीदचं घर: राजा थोर, पण बाप म्हणून?

रानजाई

गल्याथ आणि गोफण बाजूला ठेवू. ती गोष्ट बायबल न उघडलेल्यांनाही ठाऊक असते. धागा काढलाय तो बायबलातल्या, इस्राएलच्या दावीद राजाच्या घरासाठी. बायका, मुलं, भाचे, सासरा, आणि त्याच्यामागे चारशे वर्षं गादीवर बसलेलं घराणं.

सुरुवात अगदी साधी. बेथलेहेमचा इशाय, इशायचा बाप ओबेद, ओबेदची आई रूथ. ही रूथ मवाबी, म्हणजे परकी. नवरा गेल्यावर सासूची पाठ न सोडता बेथलेहेमला आलेली आणि दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचून दोघींचं पोट भरणारी. शेताचा मालक बवाज तिच्याशी लग्न करतो. इशायच्या मुलांत दावीद शेंडेफळ. बायबलातल्या शमुवेलच्या पुस्तकात तो आठवा, तर बायबलातल्याच 'इतिहास' नावाच्या पुस्तकात सातवा.

पहिली बायको मीखल, दावीदच्या आधीच्या शौल राजाची धाकटी मुलगी. तिचं दावीदवर प्रेम होतं असं पुस्तक सरळ सांगतं. त्याचं तिच्यावर होतं का, याबद्दल अवाक्षर नाही. सासऱ्याने देज मागितलं ते शंभर पलिष्ट्यांच्या अग्रत्वचा. हेतू हा की जावई लढाईतच मरावा. जावयाने दोनशे आणून टाकल्या. पुढे शौलाची माणसं त्याला मारायला आली तेव्हा मीखलने त्याला खिडकीतून खाली सोडलं आणि अंथरुणात देवघरातली मूर्ती निजवून वर पांघरूण घातलं. दावीद पळाला. शौलाने मुलगी पालतीएल नावाच्या माणसाला देऊन टाकली.

काही वर्षांनी दावीद हेब्रोनात राजा झाला, शौलाच्या मुलाशी तह करायची वेळ आली आणि त्याने पहिली अट घातली, माझी बायको परत द्या. शौलाचा जावई म्हणून गादीवरचा हक्क बळकट होतो, हिशोब सरळ आहे. मीखलला आणलं. तिचा नवरा पालतीएल रडत रडत तिच्यामागून बहूरीमपर्यंत चालत आला. तिथे सेनापती अबनेर म्हणाला, परत जा. तो गेला. एवढंच. या माणसाचं पुढे काय झालं ते कुठेच नाही. मीखल आणि दावीदचं पुढे पटलं नाही, तिला मूल झालं नाही.

दरम्यान हेब्रोनात सहा बायकांपासून सहा मुलगे झालेले. थोरला अम्नोन. तिसरा अबशालोम, त्याची आई माका ही गशूरच्या राजाची मुलगी. चौथा अदोनीया. यरुशलेमला आल्यावर बथशेबेचं प्रकरण, तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत पुढे ठेवून मारवणं, मग तिची मुलं, त्यांत शलमोन. इतिहासाच्या पुस्तकात एकंदर एकोणीस मुलग्यांची नावं आहेत आणि मुलगी एकच, तामार. अबशालोमची सख्खी बहीण.

माझ्या मते घराची तुळई मोडली ती बथशेबेपाशी नाही, तामारपाशी. अम्नोन आजारपणाचं सोंग करतो आणि बापाला सांगतो, तामारला पाठवा, माझ्यासमोर रांधून मला हाताने भरवू दे. बाप पाठवतो. ती पीठ मळते, त्याच्या डोळ्यांसमोर पोळ्या भाजते, तवा त्याच्यापुढे रिकामा करते. तो सगळ्यांना बाहेर काढतो. तामार त्याला समजावते, राजाशी बोल, तो नाही म्हणणार नाही. तो ऐकत नाही, जबरदस्ती करतो आणि मग नोकराला हाक मारून तिला दाराबाहेर घालवून कडी लावायला सांगतो. ती अंगावरचा लांब बाह्यांचा झगा फाडते, डोक्यात राख घालते, आक्रोश करत निघून जाते.

राजाला कळतं. राजा संतापतो. पुढचं वाक्य? नाही. हिब्रू पाठात तिथेच संपतं. ग्रीक भाषांतरात आणि मृत समुद्राकाठच्या गुहांत सापडलेल्या एका शमुवेलच्या प्रतीत जास्तीचं वाक्य येतं: त्याने अम्नोनला दुखवलं नाही, कारण तो थोरला आणि लाडका होता.

दोन वर्षं अबशालोम भावाशी बरं-वाईट काही बोलत नाही. मग मेंढरांच्या लोकर-कातरणीच्या जेवणावळीला बोलावून अम्नोनला मारवतो आणि आजोळी गशूरला पळतो. पुढचं बंड, बापाचं अनवाणी, डोकं झाकून शहराबाहेर पडणं, अबशालोमचं झाडात अडकून मरणं, हे सगळं इथून निघतं.

आणि शेवटी, दावीद म्हातारा झालेला असताना अदोनीया स्वतःला राजा म्हणवू लागतो, तेव्हा लेखक एक टोमणा मारून जातो. म्हणतो, असं का केलंस, एवढं विचारूनही बापाने त्याला आयुष्यात कधी दुखवलं नव्हतं. सगळ्या प्रकरणाचा निकाल मला तरी या एका ओळीत दिसतो. तुम्हाला काय वाटतं?

तिरकस

थोडक्यात धृतराष्ट्र. फक्त डोळे शाबूत. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

उंबरठा

@तिरकस, प्रतिसाद चटपटीत आहे, पण बसत नाही. धृतराष्ट्राला मुलाने राज्य घ्यावं असं आतून वाटत होतं. दावीदला तसं वाटत नव्हतं, तो अबशालोमविरुद्ध फौज पाठवतो आणि फौजेला सांगतो, पोराला जपा. दोन्ही एकाच वेळी हवंय. हा वेगळा आजार आहे.

रानजाई, मीखलवर मात्र तुम्ही दोन ओळींत उरकलंत. कराराचा कोश (देवाशी झालेल्या कराराच्या पाट्यांची पवित्र पेटी) यरुशलेमला आणताना दावीद लोकांपुढे बेभान नाचतो, मीखल खिडकीतून बघते आणि तिला किळस येते. तो घरी येतो तेव्हा ती बोलते, दासींसमोर उघडा पडलास म्हणून. त्यावर त्याचं उत्तर वाचा: तुझ्या बापाला आणि त्याच्या घराण्याला टाकून परमेश्वराने मला निवडलं. बापाचं आणि भावांचं मरण बघितलेल्या, नांदत्या घरातून ओढून आणलेल्या बाईला हे ऐकवणं. पुढची ओळ, तिला मरेपर्यंत मूल झालं नाही. देवाचा शाप की नवऱ्याने तोंड न बघणं, लेखक सांगत नाही. मला दुसरंच खरं वाटतं. शौलाच्या रक्ताचा नातू दावीदच्या घरात नको, हा विचार कुणाला सोयीचा होता ते उघड आहे.

खापरखुणा

चर्चा छान चाललीय, पण मी विटाळ करतो. हा माणूस होऊन गेला का, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत खुला होता. बायबलबाहेर त्याचं नाव कुठेही नव्हतं.

१९९३ च्या जुलैत इस्राएलच्या उत्तर टोकाला तेल दान इथे अव्राहाम बिरान यांच्या उत्खननात एका भिंतीत बसवलेला काळ्या बेसाल्टचा तुकडा दिसला, वर कोरलेली अक्षरं. पुढच्या वर्षी आणखी दोन तुकडे. इ.स.पू. नवव्या शतकातला, अरामी भाषेतला लेख. कुणी अरामी राजा, बहुतेक दिमिष्काचा (दमास्कसचा) हजाएल, बढाई मारतोय की मी इस्राएलचा राजा मारला आणि 'दावीदच्या घराण्याचा' राजा मारला. दगड आता यरुशलेमच्या इस्राएल म्युझियममध्ये आहे.

यावरही भांडणं झाली. लेखात शब्दांमध्ये टिंबं आहेत, आणि नेमकं 'घर' आणि 'दावीद' यांच्यामध्ये टिंब नाही, म्हणून काहींनी हे एखाद्या जागेचं नाव मानलं. आता बहुतेक अभ्यासक घराण्याचं नाव म्हणूनच वाचतात. मवाबचा राजा मेशा याच्या शिलालेखातही (१८६८ मध्ये सापडलेला, पॅरिसच्या लूव्रमध्ये ठेवलेला) एका झिजलेल्या ओळीत हेच नाव अभ्यासक आंद्रे लमेर यांनी वाचलं, पण ते अजून वादातच आहे.

म्हणजे घराणं होतं, त्याचा मूळपुरुष दावीद मानला जात होता आणि शे-दीडशे वर्षांनी शत्रूही त्याला त्याच नावाने ओळखत होते. तामार, पालतीएल, अबशालोमचे केस, यांतलं दगडावर काही नाही आणि कधी मिळणारही नाही. त्यामुळे 'राजा बाप म्हणून कसा होता' हा प्रश्न इतिहासाचा नाही, एका जबरदस्त लेखकाचा आहे.

आणखी गंमत. बायबलच्या मते त्या दोन राजांना येहू या इस्राएली बंडखोर सेनापतीने मारलं. दगडावर अरामी राजा म्हणतो मी मारलं. कुणीतरी दुसऱ्याचं श्रेय लाटतंय.

रानजाई

@खापरखुणा, दगडाबद्दल धन्यवाद. पण 'लेखकाचा प्रश्न' म्हणून तो हलका होत नाही ना? राजघराण्यानेच जपलेल्या ग्रंथात राजघराण्याची इतकी लक्तरं कोण टांगतं? आजूबाजूच्या राजांचे लेख बघा. सगळे जिंकतात, सगळे देवाचे लाडके. इथे मूळपुरुष परस्त्री पळवतो, खून करवतो आणि एक भविष्यवादी त्याच्या तोंडावर 'तो माणूस तूच' म्हणतो, आणि हे सगळं नोंदवून ठेवलंय.

उलट, नंतर लिहिलेलं इतिहासाचं पुस्तक उघडा. बथशेबेचं प्रकरण गायब. तामार फक्त यादीत. अबशालोमचं बंड नाही. दावीद घरी राहिला आणि त्याच्या सेनापतीने, यवाबाने, शहर घेतलं, एवढं लिहून पुढे. धुऊन इस्त्री केलेला दावीद कसा दिसतो हे पाहायचं असेल तर तिथे पाहा.

अष्टागर

आमच्या घरी हे वेगळं शिकवलं गेलं, म्हणून लिहिते. (बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, मूळ अलिबागकडचे, आता मुक्काम अश्दोद, इस्राएल.)

तालमूदमध्ये (रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मपंडितांच्या, चर्चांच्या ग्रंथात), शब्बाथ या भागात, एक मत आहे: दावीदने पाप केलं असं जो म्हणतो तो चुकतो. युक्तिवाद असा की दावीदच्या सैन्यात लढाईवर जाणारा प्रत्येक शिपाई बायकोला सशर्त सोडचिठ्ठी लिहून जात असे, म्हणून बथशेबा त्या दिवशी कायद्याने कुणाची नव्हतीच. लहानपणी हे ऐकून मी गप्प बसले होते, आता बसत नाही. पण त्याच तालमूदमध्ये दुसरीकडे उलटा हिशोबही आहे. नाथान, तोच 'तो माणूस तूच' म्हणणारा भविष्यवादी, दावीदला एका श्रीमंताने हिसकावलेल्या गरिबाच्या एकुलत्या कोकराची गोष्ट सांगतो, तेव्हा दावीद चिडून म्हणतो, त्या श्रीमंताने चौपट भरून द्यावं. आणि मग चौपट वसूल होतं: बथशेबेचं पहिलं बाळ, अम्नोन, तामार, अबशालोम. म्हणजे रब्बींनी तामारला मोजलंय. बापाने नसेल मोजलं.

रूथबद्दल थोडं. तिचं पुस्तक आम्ही शावुओथला वाचतो, कापणीचा सण. दावीद त्याच दिवशी जन्मला आणि त्याच दिवशी वारला अशी परंपरा आहे. तिच्यामुळे रब्बींची मोठी पंचाईत झाली होती, कारण तोरात (मोशेच्या नियमशास्त्रात) लिहिलंय की मवाबी माणसाला मंडळीत घेऊ नये. मग राजाच्या पणजीचं काय? तोडगा काढला की बंदी मवाबी पुरुषाला आहे, बाईला नाही. घराण्यासाठी कायदा वाकवायची सवय जुनी आहे :)

आणि इकडचं एक: पुण्यात लाल देऊळ म्हणून सगळे ओळखतात त्या सिनेगॉगचं खरं नाव ओहेल दाविद, दावीदचा तंबू. भायखळ्याचं मागेन दाविद, दावीदची ढाल. दोन्ही डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतली, १८६० च्या दशकात. त्यांची कबर लाल देवळाच्या आवारातच आहे. पुण्यातल्या कितीतरी जणांनी आत कधी पाऊल टाकलेलं नसतं, पण पत्ता सांगताना नाव घेतात.

पागोळी

बाप, बायका, मुलं झाली, आता भाच्यांचं कुणी बोलणार आहे का? दावीदचं राज्य चालवलं ते बहिणीच्या पोरांनी.

दावीदची बहीण सरूवा. तिचे तिघे: यवाब, अबीशय, असाएल. पुस्तक त्यांना कायम सरूवेचे मुलगे म्हणतं, बापाचं नाव घेत नाही. यवाब सेनापती. दावीदला जे हवंय पण हात न मळवता हवंय, ते हा करतो. उरीयाला पुढच्या फळीत ठेवण्याची चिठ्ठी यवाबालाच आली होती, आणि ती उरीयाच्याच हाती पाठवली होती. हे विसरू नका.

यवाबाने मारलेल्यांची यादी: अबनेर, कारण त्याने धाकट्या असाएलला मारलं होतं. अबशालोम, राजाचा स्पष्ट हुकूम मोडून. आणि अमासा, जो दुसऱ्या मावशीचा मुलगा, म्हणजे सख्खा मावसभाऊ. अमासाचा प्रसंग वाचताना अंगावर काटा येतो: उजव्या हाताने त्याची दाढी धरली, बरा आहेस ना भाऊ म्हणत मुका घ्यायला वाकला, डाव्या हातात तलवार होती.

दावीद काय करतो? अबनेर गेला तेव्हा म्हणतो, सरूवेचे हे मुलगे माझ्या आवाक्याबाहेरचे आहेत. यवाबाला पदावरून काढायला बघतो, जमत नाही. मरताना मात्र शलमोनला सांगून जातो की याचे पिकले केस शांतपणे कबरेत उतरू देऊ नकोस. आयुष्यभर वापरला आणि हिशोब पोराच्या गळ्यात मारला. रानजाईंचा मुद्दा इथेही लागू: राजाला जवळच्या माणसाला तोंडावर 'नाही' म्हणता येत नाही.

तिरकस

पागोळी, यवाब हा या सगळ्या पुस्तकात एकटा शहाणा आहे असं माझं प्रामाणिक मत. अबशालोम मेल्यावर राजा वेशीवरच्या खोलीत ढसाढसा रडतोय, माझ्या मुला अबशालोमा, तुझ्याऐवजी मी मेलो असतो तर. खाली जिंकून आलेली फौज चोरासारखी गुपचूप शहरात शिरतेय. यवाब वर जातो आणि सुनावतो: आज आम्ही सगळे मेलो असतो आणि तो जगला असता तर तुला बरं वाटलं असतं. उठ, बाहेर जाऊन लोकांशी बोल, नाहीतर रात्रीपर्यंत एकही माणूस राहणार नाही. राजा उठतो. राज्य वाचलं ते त्या झापण्याने.

आणि बार्लीचं शेत! अबशालोमला आजोळहून परत आणलं, पण दोन वर्षं राजा त्याचं तोंड बघत नाही. अबशालोम यवाबाला निरोप पाठवतो, यवाब येत नाही. पुन्हा पाठवतो, येत नाही. मग शेजारच्या यवाबाच्या शेताला नोकरांकरवी आग लावतो. यवाब धावत येतो, का लावलीस? तर म्हणे, तू येत नव्हतास म्हणून. बांधावरच्या भांडणाची इतकी अस्सल गोष्ट तीन हजार वर्षांपूर्वीची आहे यावर विश्वास बसत नाही.

उंबरठा

'एकटा शहाणा' नाही पटलं. शहाणी होती अबीगईल. तिचा नवरा नाबाल, तीन हजार मेंढरं, एक हजार शेळ्या, आणि जिभेला हाड नाही. दावीद रानात टोळी घेऊन फिरत असतानाची गोष्ट. नाबाल त्याच्या माणसांना हाकलून लावतो, दावीद चारशे जण घेऊन घर साफ करायला निघतो. ही बाई नवऱ्याला न सांगता गाढवं लादते: दोनशे भाकरी, दोन बुधले द्राक्षारस, सोलून तयार केलेली पाच मेंढरं, भाजलेलं धान्य, मनुकांचे शंभर घड, अंजिरांच्या दोनशे ढेपा. वाटेत गाठून पाया पडते आणि म्हणते, उद्या राजा होशील तेव्हा हे विनाकारण सांडलेलं रक्त तुझ्या मनाला टोचायला नको. दावीदला वेळेवर थांबवणारी माणसं मोजकी, त्यांत ही पहिली. नवरा दहा दिवसांत मेला आणि दावीदने तिच्याशी लग्न केलं. त्यानंतर तिच्या तोंडी एकही वाक्य नाही. मुलगा झाला, तोही पुढे कथेत दिसत नाही.

हिला राजवाड्यात बोलू दिलं असतं तर, असं उगाच वाटत राहतं.

मनगट

वाचतोय. रोचक. इस्लाममध्ये दाऊद हा पैगंबर, जबूर हा ग्रंथ त्याच्यावर उतरला असं मानतात. लोखंड त्याच्या हाती मऊ होत असे आणि तो चिलखतं करी. कुराणात बथशेबेचं नाव नाही, पण अडतिसाव्या सुऱ्यात भिंत चढून दोघे भांडत त्याच्याकडे येतात: याच्याकडे नव्व्याण्णव मेंढ्या, माझ्याकडे एक, आणि हा तीही मागतो. दाऊद निकाल देतो, मग उमगतं की ही आपलीच परीक्षा होती, आणि क्षमा मागतो. नाथानच्या कोकराशी ही गोष्ट ताडून बघण्यासारखी आहे.

रानजाई

सगळ्यांचे आभार, धागा मी काढला त्यापेक्षा बराच पुढे गेला. एक बाई अजून राहिलीय.

रिस्पा. शौलाची उपपत्नी. दावीदच्या राज्यात तीन वर्षं दुष्काळ पडतो. कारण असं सांगितलं जातं की शौलाने गिबोनी लोकांना मारलं होतं. गिबोनी मागणी करतात, शौलाच्या वंशातले सात पुरुष द्या. दावीद देतो. दोन रिस्पेचे मुलगे, पाच शौलाच्या थोरल्या लेकीचे, मेरबचे. सातही डोंगरावर टांगले जातात, बार्लीच्या कापणीच्या सुरुवातीला. रिस्पा गोणपाट घेऊन खडकावर अंथरते आणि पाऊस पडेपर्यंत तिथून हलत नाही. दिवसा पाखरं, रात्री जनावरं, काही प्रेतांना शिवू देत नाही. ती एक शब्द बोलत नाही. राजाच्या कानावर जातं, तेव्हा कुठे तो शौलाची आणि त्याच्या मुलाची, योनाथानाची, हाडं याबेश-गिलादहून मागवतो आणि शौलाच्या बापाच्या कबरेत पुरतो.

शौलाच्या घराण्याचे वारस एकेक करून कमी होत गेले आणि प्रत्येक वेळी दावीदचे हात तांत्रिकदृष्ट्या स्वच्छ राहिले. उंबरठा यांनी मीखलबद्दल लिहिलं तेच इथे.

धूळपाटी

वारसाचं बोलायचं तर दावीदचं घराणं दिसतं त्यापेक्षा नाजूक धाग्यावर टिकलं. शलमोनानंतर नातू रहबामच्या काळात इस्राएलचे दहा वंश फुटले. 'दावीदमध्ये आमचा काय वाटा' असं म्हणून उठून गेले. उत्तरेच्या राज्यात पुढच्या दोनशे वर्षांत घराण्यांमागून घराणी बदलली, खून करून. दक्षिणेच्या राज्यात, यहूदात, मात्र दावीदचंच. अपवाद एक. राजमाता अथल्या, मुलगा मेल्यावर तिने राजवंश कापून काढला आणि सहा वर्षं राज्य केलं. योवाश नावाचं तान्हं मूल त्याच्या आत्याने, यहोशेबेने, दाईसकट मंदिरात लपवलं, म्हणून वंश राहिला. पुन्हा बाईच.

पुढे येशूची वंशावळ. शुभवर्तमानकार मत्तय ती शलमोनाकडून आणतो, लूक दावीदच्या दुसऱ्या मुलाकडून, नाथानकडून (हा भविष्यवादी नाथान नव्हे). दोन याद्या जुळत नाहीत म्हणून शतकानुशतकं खल चाललाय. मत्तय चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट पाडतो, आणि ते बसवायला मधले तीन राजे वगळतो. हिब्रू अक्षरांची किंमत मोजली तर दावीद या नावाची बेरीज चौदा येते. शिवाय तो मरियेच्या आधी चार बायकांचा उल्लेख करतो: तामार (ही दावीदची मुलगी नव्हे, यहूदाची सून), राहाब, रूथ, आणि चौथीला नावाने न म्हणता 'उरीयाची बायको' म्हणतो. हजार वर्षांनी टोचणी कायम.

राजेलोकांनी तर ही वंशावळ मुकुटासारखी वापरली. इथिओपियाच्या सम्राटांनी शलमोन आणि शबाच्या राणीपासून आपला वंश सांगितला, तो १९५५ च्या राज्यघटनेतही लिहिला; १९७४ मध्ये हेले सेलासी पदच्युत झाले तेव्हा ते राज्य संपलं. जॉर्जियाच्या बाग्रातिओनी घराण्याच्या चिन्हात वीणा आणि गोफण असायची, कारण तेही दावीदचेच. बगदादमध्ये निर्वासित यहुद्यांचा प्रमुख शेकडो वर्षं दावीदच्या वंशातला म्हणून मान घेत होता. बाराव्या शतकात तुदेलाचा बेन्यामीन हा प्रवासी तिथे गेला तेव्हाचं त्याच्या थाटाचं वर्णन उपलब्ध आहे.

खापरखुणा

@धूळपाटी, बगदादवरून बाबेल (बॅबिलोन). माझ्या दृष्टीने या घराण्याचा सगळ्यात भक्कम पुरावा दान इथला दगड नाही, तेलाचा हिशोब आहे.

इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर यरुशलेम घेतो आणि अठरा वर्षांच्या यहोयाखीन राजाला आईसह बाबेलला नेतो. त्याच्या जागी बसलेला काका सिद्कीया पुढे बंड करतो, अकरा वर्षांनी शहर पुन्हा पडतं, सिद्कीयाच्या डोळ्यांदेखत मुलं मारतात आणि मग डोळे काढतात. राजधानी जळते. यहोयाखीन मात्र बाबेलातच आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन उत्खननात बाबेलच्या राजवाड्यात, इश्तार वेशीजवळ, मातीच्या टिकल्या निघाल्या, कोठारातून कुणाला किती तेल दिलं याच्या नोंदी. १९३९ मध्ये त्यांतल्या काही छापल्या गेल्या. एकीवर 'यहूदाचा राजा याउकिन' आणि खाली त्याचे पाच मुलगे. कारकुनाने टिपलेली रोजची भांडारनोंद, धर्मग्रंथाशी त्याला काही देणंघेणं नाही. टिकली आज बर्लिनमध्ये आहे.

यिर्मया या भविष्यवाद्याने याच यहोयाखीनबद्दल म्हटलं होतं, याला निपुत्रिक म्हणून लिहून ठेवा, याचा कुणी दावीदच्या गादीवर बसणार नाही. पाच मुलगे झाले, गादीवर कुणी बसलं नाही. नातू जरूब्बाबेल इराणी अंमलाखाली यरुशलेमला सुभेदार म्हणून परतला. भविष्यवादी हाग्गय त्याला परमेश्वराची मोहोर म्हणतो, आणि त्यानंतर तो माणूस नोंदींतून नाहीसा होतो.

राजांचं दुसरं पुस्तक यहोयाखीनवर संपतं. तुरुंगवासाच्या सदतिसाव्या वर्षी बाबेलचा नवा राजा त्याला बाहेर काढतो, कैद्याचे कपडे उतरवतो, आणि तो मरेपर्यंत रोज राजाच्या पंगतीत जेवतो. आता मागे जा. योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ, पाच वर्षांचा असताना दाईच्या हातून पडून दोन्ही पायांनी अधू झालेला. शौलाच्या घरातला उरलेला. दावीद त्याला बोलावतो आणि रोज आपल्या पंगतीत जेवायला बसवतो. मेहेरबानी म्हणा, नजरकैद म्हणा. चारशे वर्षांनी दावीदच्या वारसावर नेमकी तीच वेळ. ज्याने हे ग्रंथ एकापुढे एक लावले त्याला हे दिसलं नसेल असं मला वाटत नाही.

पागोळी

@खापरखुणा, वाचनखूण साठवली. हा पंगतीचा मुद्दा डोक्यात घोळत राहणार.

अष्टागर

कबरीचं कुणी काढलं नाही म्हणून: यरुशलेमला येणाऱ्यांना सियोन डोंगरावर दावीदची कबर दाखवतात, मखमली चादर घातलेली मोठी पेटी. वरच्या मजल्यावर ख्रिस्ती लोकांचं शेवटच्या भोजनाचं दालन, आणि वास्तू काही शतकं मशीदही होती. राजांच्या पुस्तकाप्रमाणे तो दावीदनगरात पुरला गेला, आणि ते जुनं नगर उत्खननानुसार पूर्वेच्या खालच्या उतारावर, गीहोन झऱ्याच्या बाजूला. म्हणजे जागा बहुधा ही नव्हे. तरीही गर्दी असते, आणि मीही जाते.

मनगट

कुठून वाचायला घेऊ? पूर्ण बायबल झेपणार नाही.

रानजाई

२ शमुवेल, अध्याय ९ ते २०, आणि लगेच १ राजे, पहिले दोन अध्याय. मध्ये थांबू नका, बरेच अभ्यासक ही एकाच हाताची सलग कथा मानतात. नावं गोंधळात टाकतील, तर कागदावर बायका आणि त्यांची मुलं लिहून शेजारी ठेवा. कोण कुणाच्या आईचा हे कळलं की कोण कुणाला का मारतोय ते आपोआप कळतं. मीखल आणि अबीगईल हव्या असतील तर १ शमुवेल १८, १९ आणि २५. रिस्पा २ शमुवेल २१ मध्ये, मुख्य कथेच्या बाहेर, परिशिष्टासारखी टाकलेली आहे, ती चुकवू नका.